काठावरची खुर्ची

"ढिवराची पोर आणि पाण्यात बुडतेय! बघा, बापानंच आज मोठा मासा धरला."

हे भोंग्यावरून बोललं गेलं. तळ्याच्या पाळीवर मंडप, मंडपात खुर्च्या, खुर्च्यांवर शहरातल्या क्लबाची माणसं. सगळी हसली. मी डोंग्याच्या काठाला लटकून खोकत होते. नाकातोंडात पाणी, पायाला शिंगाड्याचा वेल. आणि माझा दंड धरून मला वर ओढत होता तो माझा बाप. कोणी बुडालं तर काढायला म्हणून क्लबानं त्यालाच दिवसभर डोंग्यावर ठेवलं होतं.

बाबांनी मला काठाला आणलं आणि मंडपाकडे तोंड करून हात जोडले.

"माफ करा साहेब, पोर अडाणी हाय."

भोंग्यानं केलेला अपमान मी गिळला असता. हा गिळता आला नाही. आजही येत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मूल तालुक्यातलं आमचं गाव, मागं जंगल, पुढं धानाचे बांध, मध्ये हे तळं. मी पोलीस भरतीसाठी पहाटे पाळीवरून धावायचे. धावण्यात मला गावातला एकही पोरगा गाठत नव्हता, हे मी फुशारकीनंच सांगते. क्लबानं आमच्या तळ्यावर स्पर्धा ठेवली. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, तिन्ही एका दमात. ट्रायथलॉन म्हणे. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी माझं नाव लिहिलं आणि लिहिता लिहिता म्हणाले, पोहता तर येतच असेल, ढिवराची ना तू?

मी मान हलवली. नाही म्हणायची लाज वाटली. सोनाराच्या पोरीला कोणी विचारत नाही, दागिना घडवतेस का म्हणून. पण मासेमाराची पोर म्हटली की ती जन्मतःच पोहत येते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं.

खरं असं होतं की आमच्या आळीत बाई छातीच्या वर पाण्यात जात नाही. डोंग्यात बसत नाही. तिनं काठाकाठानं झिंगे धरायचे आणि टोपली डोक्यावर घेऊन मूलच्या बाजारात जायचं. जाळं, डोंगा, खोल पाणी पुरुषांचं. आईचे पाय चाळीस वर्षं त्या पाण्यात सडले, पण तळ्याचा मध्य तिनं पाहिला नाही. मीही छातीभर पाण्यात हातपाय मारायचे आणि त्यालाच पोहणं म्हणायचे.

स्पर्धेच्या दिवशी पायाखालची माती सुटली आणि मला कळलं. खाली काळं पाणी. तळ नाही. तेवढ्यात वेल पायाला लागला. मी लाथा झाडल्या, तो आवळला. अजून झाडल्या, अजून आवळला. पुढचं भोंग्यानं सांगितलंच.

घरी जाताना बाबांशी बोलले नाही. अंगणात टेकल्यावर मात्र विचारलं, "बाबा, दादाले पाच वर्साचा असताना पाण्यात टाकलं. मले काऊन नाई?"

"पोरीले कायले पायजे?" ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धावायला गेलेच नाही. सरळ पाण्यात उतरले. कंबर, छाती, आणि आळीतल्या बायका जिथं थांबतात तिथं आले. काठावरून बायका बोलत होत्या, पोरगी भरतीची नाही, मरतीची तयारी करून राहिली म्हणून. मी एक पाऊल पुढं टाकलं. तोंडात पाणी गेलं, परत आले. पुन्हा गेले. पाचव्या दिवशी बाबा पाळीवर येऊन उभे राहिले. आठव्या दिवशी त्यांनी सदरा काढला.

त्यांनी मला मुद्दाम शिंगाड्याच्या वाफ्यात नेलं. वेल लागला की मी किंचाळायचे.

"लाथा नको मारू. वेल वढला का आवळते. पाय सैल सोड, आपोआप सुटते."

एवढंच होतं ते. आळीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेलं. एकवीस वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाय सैल सोडला, वेल सुटला, आणि मी पाण्यातच रडले. भीती गेली नाही. पण तिला घेऊन तळं पार करता येऊ लागलं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मंडप पडला. नावं लिहिणाऱ्या क्लबाच्या साहेबांनी मला ओळखलं. हसून म्हणाले, यंदा तू खेळाडूंना सरबत दे, बापाला परत त्रास नको. मागं बाबा डोंगा सोडत होते. त्यांनी ऐकलं. मान खाली घातली.

"नाव लिवा साहेब," मी म्हणाले. "अन् माह्या बाबाले डोंग्यात नका ठेवू. मंडपात खुर्ची द्या. बाकी पोरींचे बाप तिथीच बसून हायेत."

साहेबांनी नाव लिहिलं. खुर्चीचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी तळं पार केलं. सगळ्यांच्या शेवटी, पण केलं. वेल दोनदा लागला. बाबांचा डोंगा बाजूनं चालत होता, त्याला मी हात लावला नाही. सायकल कशीबशी रेटली, धावताना चौघींना मागं टाकलं. नंबर आला नाही. घामेजल्या अंगानं मंडपात शिरले, एक खुर्ची उचलली, काठावर डोंग्यापाशी नेऊन ठेवली.

"बसा बाबा."

भोंगा बंद झाला होता. सगळे बघत होते. बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसले नाहीत.

"साहेब उभे हायेत," ते हळूच म्हणाले.

बाबा आता नाहीत. साहेबांसमोर खुर्चीत ते कधीच बसले नाहीत. पाण्याची भीती मी पायातून सोडवली, साहेबांची भीती त्यांच्या पायातून मला सोडवता आली नाही. हा वेल सैल सोडून सुटत नाही. तो कापावा लागतो.

मी आता आळीतल्या पोरींना छातीच्या पुढं नेते. बाप लोक पाळीवरून ओरडतात, ओरडू देत. पाणी कापून आलेल्या पोरीला मी आधी खुर्चीत बसवते. समोर कोण साहेब उभा आहे, ते बघायचं नाही.