हळदीच्या मांडवातली चक्कर

नवरा गेला त्या वर्षी माझीही तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. घरात हे फक्त मोठ्या जाऊबाईंना ठाऊक होतं. त्यांना मी अक्का म्हणते. दवाखान्यात माझ्यासोबत त्याच आल्या होत्या.

गोळी रोज जेवणानंतर घ्यायची. पण शहागंजातलं आमचं घर दोन खोल्यांचं, माणसांची सतत ये-जा. बाटली खुळखुळली की कुणीतरी विचारायचं, "कशाच्या गं गोळ्या?" मी बाटलीत कापूस कोंबला. तरी पाहुणे आले की गोळी राहूनच जायची. अंगात काही दुखत नव्हतं, त्यामुळं चुकल्याचं वाटायचंही नाही.

एकदा दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "अशा चुकवत राहिलात तर पुढं हे औषध लागू पडणार नाही." घरी येऊन मी रडले. अक्का भाकरी थापत होत्या.

"रडून काय व्हतंय? आजपासून माझी बीपीची अन् तुझी, संगंच घ्यायची."

तेव्हापासून जेवणं झाली की त्या तांब्या घेऊन यायच्या, आपली गोळी गिळायच्या आणि माझी गिळून होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. घरातल्यांना वाटलं, दोघींना बीपी.

मग सोयगावला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. हळदीच्या संध्याकाळी जेवणं झाली तेव्हा माझी गोळ्यांची पिशवी आतल्या खोलीत, आणि तिथंच बायका बांगड्या भरायला बसलेल्या. आजच्या दिवस राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. मांडवात नाचणाऱ्या अक्कांनी माझं तोंड पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मटकन खाली बसल्या.

"लई गरगरतंय. आत न्या मला. खोली मोकळी करा, धाकटी एकटी बसंल जवळ."

बायका बाहेर पळाल्या. मी घाबरून दार लावलं आणि त्यांचे तळपाय चोळू लागले. अक्कांनी एक डोळा उघडला.

"पाय काय चोळतीस? गोळी घे आधी!"

मला इतकं हसू आलं की पाण्याचा ठसका लागला. नंतर मात्र कुणी त्यांना नाचू दिलं नाही. लिंबूपाणी पीत त्या खुर्चीवर धुसफुसत राहिल्या.

पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता.

"म्हंजी गेला?" अक्कांनी विचारलं.

"गेला नाय, दबलाय. गोळ्या चालूच ठेवायच्या."

"ठेवू की," त्या म्हणाल्या आणि मला रसवंतीवर घेऊन गेल्या.