लाल धागा आणि बाभळीची सुई: निगडी ते महाळुंगे

गुरुवार म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याचा रविवार. बहुतेक कंपन्यांची सुट्टी त्याच दिवशी. अशाच एका गुरुवारी महाळुंग्यात हाताने केलेल्या वस्तूंची अदलाबदल होती. आदल्या दिवशी सकाळी डबा भरता भरता माझी बायको मनीषा म्हणाली, "माझ्या नावावर आता एक टाकाही घालायचा नाही. तुझं तू निस्तर."

प्रकरण असं आहे. मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासतो आणि घरी आल्यावर क्रोशा विणतो. होय, पुरुष आहे, बेचाळीस वर्षांचा, मिशीसकट. हसून झालं असेल तर पुढे वाचा. तंबाखू सोडली तेव्हा हातांना चाळा हवा होता. मनीषाच्या फोनवर व्हिडिओ बघून शिकलो आणि तिच्याच नंबरावरून विणकामाच्या ग्रुपमध्ये शिरलो. फोटो टाकले की "मनीषाताई, काय सुंदर हात आहे तुमचा!" असं यायचं. मी ते मान खाली घालून वाचायचो आणि मनीषाताईंच्या वतीने हात जोडायचो. मनीषाला साधी साखळीही येत नाही. दोन वर्षं हे खपवलं, कारण कंपनीत कळलं असतं तर शिफ्टभर मला वहिनी म्हणाले असते.

तरीही जायचं होतं, कारण तिथे एक सुई होती. रुक्मिणी नावाची कोणी बाई बाभळीच्या लाकडाच्या जाड मुठीच्या सुया कोरते, असं ग्रुपवर आलं होतं. दुकानातल्या बारीक सुईने माझा अंगठा अर्ध्या तासात ठणकायला लागतो. मला ती मूठ हवी होती. फक्त नियम कडक होते: पैशाचं नाव काढायचं नाही, आणि वस्तू ज्याने केली त्यानेच बदलायची. घरच्यांच्या हाती पाठवली तर ती नुसती मांडून ठेवायची, बदल्यात काही मिळणार नाही.

मी मध्यममार्ग काढला, म्हणजे पळवाट. ग्रुपवर टाकलं, "मला जमत नाहीये, मिस्टर येतील." तिथे गेल्यावर गोड बोलून सुई मिळवायचा बेत होता.

निगडीहून महाळुंग्याला तळवड्यावरून जवळ पडतं. बसने जाणार असाल तर निगडीच्या टर्मिनसवर आधी चौकशी करा, थेट गाडीच्या भरवशावर राहू नका. मी मात्र स्पाइन रोडने मोशीला वळसा घातला, कारण ग्रुपमधल्या हिराकाकूंना स्कूटरवर न्यायचं कबूल केलं होतं. मोशीत एका टपरीवर ऐंशी रुपयांत मिसळ खाल्ली. तर्री मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागा.

हिराकाकू मूळच्या मोशीच्या. जिथे त्यांचं कांद्याचं वावर होतं, तिथल्या बारा मजली इमारतीत त्या आता चौथ्या मजल्यावर राहतात आणि जुन्या लुगड्यांच्या चुंबळी वळतात, डोक्यावर हंडा ठेवायच्या. आता हंडे कोण वाहतं, असं मी विचारलं.

"कुणी न्हाई," त्या मागे बसत म्हणाल्या. "म्हनून काय वळायचं इसरू व्हय? लोकं त्यावर झाडाची कुंडी ठिवत्यात. ठिवू द्या. मालकीण न्हाई आली?"

"नाही, जरा काम होतं."

"लय गुणाची पोर हाय. तिच्या हाताला वळण हाय बगा. तुमी पुण्यवान पाव्हणं."

इंद्रायणीचा पूल येईपर्यंत मी मनीषाचे गुण ऐकत होतो. हेल्मेटच्या आत मला घाम फुटला होता आणि लाजही वाटत होती. लाज विणण्याची नव्हती, खोटं बोलण्याची होती. हा फरक मला पहिल्यांदाच नीट कळला.

पुढे नाशिक रस्त्यावर कंटेनरच कंटेनर. सुट्टी असूनही चाकणच्या चौकात पाऊण तास गेला. तुम्ही जाणार असाल तर नऊच्या आत चौक ओलांडा. उशीर झालाच तर चिडू नका, काकूंसारखं मागे बसून ट्रकच्या पाठीवरचं वाचा. तळेगाव रस्त्याला वळल्यावर महाळुंगे फार लांब नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आणि त्यांच्यामधून डोकावणारी गावाची जुनी घरं. मेळा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता.

सतरंज्यांवर चाळीसेक वस्तू मांडलेल्या: मातीच्या पणत्या, वायरच्या टोपल्या, कागदाचे मोर, एका निवृत्त फिटरने केलेली पत्र्याची बैलगाडी. मी माझी चौकोनांची शाल पसरली आणि शेजारी चिठ्ठी ठेवली: मनीषा, निगडी. समोरच रुक्मिणीताई बसल्या होत्या, बीडकडच्या, वायरिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या. पुढ्यात सहा सुया. त्यातली सर्वांत जाड मी नकळत उचलली. मूठ तळव्यात अशी बसली की खाली ठेववेना.

त्या मात्र माझी शाल उलटी करून बघत होत्या. "भाऊ, ह्या कोपऱ्यातल्या चौकोनाला लाल धागा कशामुळं बांधलाय?"

"त्यात शेवटच्या फेरीत बारातला एक खांब, म्हणजे उभा टाका, कमी पडलाय," मी सुई फिरवत म्हणालो. "रीवर्कला ठेवला होता, राहूनच गेला."

बोलून गेलो आणि जीभ चावली. कंपनीत सदोष पार्टला आम्ही लाल खूण करतो. तीच सवय मी घरी आणली होती, आणि चूक दुरुस्त न करता खुणेसकट शाल मेळ्यात आणली होती.

रुक्मिणीताई हसल्या. "क्वालिटीला हाव ना? आमच्या लाइनवर बी असंच करत्यात. मंजी करणारी बायको अन् तपासणारे तुम्ही, असं हाय व्हय?"

आजूबाजूचे हसले. हिराकाकू म्हणाल्या, "बगा, बायकोच्या कामात चुका काढतोय!" हसण्याच्या त्या लाटेवर मी आरामात तरून गेलो असतो. फक्त "हो" म्हणायचं होतं. ते मान्य केलं असतं तर इज्जत वाचली असती, आणि सुई कोणा दुसऱ्याच्या पिशवीत गेली असती. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. दोन वर्षं माझ्या बोटांनी केलेल्या कामाचं कौतुक मी दुसऱ्याच्या खात्यावर ऐकत होतो, आणि आता त्यातल्या चुकाही मीच तिच्यावर ढकलणार होतो.

"नाही," मी मोठ्याने म्हणालो. "विणली मी. तपासली मी. चूक पण माझीच. मनीषाला क्रोशा येत नाही."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. रुक्मिणीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या सुईकडे बोट दाखवलं. "मग इथंच बसा अन् तो चौकोन नीट करून द्या. शाल माझी, सुई तुमची."

बसलो. मांडी घालून, सगळ्यांच्या देखत. जोडणी उसवली, शेवटची फेरी सोडली, पिशवीत उरलेल्या गुंड्यातून लोकर घेतली. पहिले दोन खांब सैल पडले, ते पुन्हा घातले. लोक गोळा झाले. पत्र्याच्या बैलगाडीवाल्या काकांनी तर खांब मोठ्याने मोजले. बारावा पडला तेव्हा मी लाल धागा कापून खिशात घातला. हिराकाकूंनी मनीषाच्या नावाची चिठ्ठी उचलली आणि फाडून टाकली.

"लबाड हाईस," त्या म्हणाल्या. "पर हात चांगला हाय." माझ्याच गाडीवरून घरी जायचं असूनही मोशीपर्यंत त्यांनी मला शिव्या घातल्या आणि उतरताना एक चुंबळ हातात ठेवली.

घरी येऊन मनीषाला सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे ग्रुपवर माझा नंबर टाकला आणि स्वतः त्यातून बाहेर पडली. चुंबळीवर आता आमची तुळशीची कुंडी आहे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी डबा बाजूला सारला आणि पिशवीतून सुई काढली. आमच्या शिफ्टचा शिंदे ओरडला, "काय राव, बायकांची कामं करायला लागला!"

"शिकायचं असेल तर बस इथे," मी म्हणालो. "हसायचं असेल तर पलीकडचं टेबल रिकामं आहे."

तो पलीकडे गेला, आणखी चौघांना घेऊन. वहिनी म्हणणंही सुरू झालंय. म्हणू देत. मूठ जाड आहे, अंगठा ठणकत नाही, आणि त्या अर्ध्या तासात माझा एक चौकोन पुरा होतो, बाराच्या बारा खांबांसकट.