पोचलं का, पाव्हणे?

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोला तर नाहीच नाही. बदनापूरच्या बाहेर एका विहिरीच्या पाण्यातून मी एकदा माणसाचा आवाज ऐकला, आणि काहीच ऐकू आलं नाही असं त्याच माणसाच्या तोंडावर सांगितलं. तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. उजेडावर त्यांच्याइतका भरवसा ठेवणारा इसम अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नसेल. कुणी देवावर भरवसा ठेवतं, कुणी मोसंबीच्या भावावर. आमच्या साडूंना दोन्हींचं फारसं नव्हतं. सकाळी उठून ते सूर्याला नमस्कार करीत, पण तोही देव म्हणून नाही. खात्यातला वरिष्ठ साहेब म्हणून.

ते बदनापुरात शाळेवर विज्ञान शिकवायचे. मी कचेरीत कारकून, माझं घर त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रयोगात मी आयताच सापडायचो. या सगळ्याला सुरुवात झाली ती टेलिफोनपासून. नव्वदच्या पुढेमागे त्यांच्याकडे फोन आला. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, त्याला क्रोशाचं झाकण विणलं. झाकण पुरं व्हायच्या आत चोरांनी रस्त्याकडेची तार कापून नेली. नवी तार ओढली, तीही गेली. मग त्या झाकणाखाली फोन निजून राहिला आणि साडूंनी तारेशी कायमचा दावा मांडला. “तार चोरता येती, पाव्हणे,” ते मला म्हणाले. “उजेड कोण कापून नेतो, सांगा की.” त्या दिवसापासून उजेडावरून बोलणं पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. युक्ती तशी साधी होती. माणूस माइकमध्ये बोलला की त्याच्या बोलण्याबरोबर दिवा बारीक-मोठा व्हायचा, इतका भराभर की डोळ्याला पत्ता लागू नये. समोर दूरवर एका मोडक्या कॅल्क्युलेटरची सोलरची पट्टी तो उजेड झेलायची आणि त्याची थरथर एका जुन्या टेपरेकॉर्डरला द्यायची. टेपरेकॉर्डर मग माणसासारखा बोलायला लागायचा. माणूस एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि मध्ये काहीच नाही.

हवेतला प्रयोग त्यांच्या गच्चीवरून शेतातल्या मोटारीच्या खोलीपर्यंत चाले. गच्चीवर ते, खोलीत मी. पाठवायला मजकूर ठरलेला: एकोणतीसचा पाढा. दुसरं काही बोलले तर मी अंदाजाने वाक्य पुरं करीन, असं त्यांचं म्हणणं. थंडीत धुकं पडलं की पाढा वाटेतच भिजून बसायचा. नांगरटीच्या दिवसांत धुळीमुळे त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा यायचा. चैत्रात काळ्या रानावर हवा थरथरायला लागली की तो आवाजही थरथरायचा, आणि स्वतःच्या घरावर निवांत बसलेला माणूस भ्यायल्यासारखा पाढा म्हणायचा. एकदा शेजाऱ्याची म्हैस उजेडाच्या वाटेत उभी राहिली आणि ‘एकोणतीस साते’ला पाढा तुटला. साडू गच्चीवरून ओरडले, “तिला हाकलू नका, तिच्या मनानं जाऊ द्या. आडवं कुणी आलं तर काय होतं, ते बी बघायचंय.” म्हैस दिवस कलेपर्यंत तिथेच रवंथ करत राहिली. आम्ही दोघे आपापल्या टोकाला बसून होतो. साडूंनी हे निरीक्षण अत्यंत समाधानाने अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, “म्हशीनं उजेड अडवला हे सांगायला शाळेचा मास्तर लागतो का?”

पण त्यांच्या घरी जेवायला जायला माझी बायको का कू करायची, त्याचं कारण निराळं होतं. ती पट्टी ते मोकळी सोडायचे नाहीत. पाहुणा आला की त्याच्या कानाला टेपरेकॉर्डरला जोडलेली नळी लावायची आणि पट्टी धरायची ट्यूबलाइटसमोर. ट्यूबलाइट गुणगुणते. पट्टी उन्हात धरायची, मधमाशी आडवी जायची, आणि तिचे पंख कानाच्या आत वाजायचे. खुद्द माशी आवाज देत नव्हती, तिची सावली देत होती. शेवटी देवघरातली समई. वारा नसला तरी ज्योत हलत असते, आणि ते हलणं कानात उतरलं की हुबेहूब कुणी निजलेल्या माणसाचा श्वास. “ऐकून राह्यलात ना?” साडू हळूच विचारायचे. “सगळा उजेड बोलतो. आपल्याला कान न्हाई, एवढंच.” बायको घरी आल्यावर म्हणायची, “दाजींकडं दिव्याखाली बसलं की कुणीतरी आपलं ऐकतंय असं वाटतं.”

हवा जिंकल्यावर त्यांना पाणी दिसलं. त्यांच्या शेतात जुनी बांधीव विहीर होती, ऐसपैस, एका अंगाला पायऱ्या. अक्कांच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. एका बरणीत दिवा, एकीत पट्टी, तोंडाला मेण आणि सायकलच्या ट्यूबचं रबर, तळाला धोंडा, आणि दोन्ही बरण्या दोरांनी समोरासमोर पाण्यात सोडलेल्या. “तारेचा एवढा राग, मंग या वायरी कशाला?” असं अक्कांनी विचारल्यावर ते म्हणाले, “या काठावर येण्यापुरत्या आहेत. दोन बरण्यांच्या मधी बिलकुल न्हाईत.” त्यांनी आधी लाल दिवा लावला. पाणी लाल उजेड वाटेतच पिऊन टाकतं, हे त्यांना त्यात कळलं. पावसाळ्यानंतर गढूळ पाण्यात तर दिवा आहे की विझला, हेही दिसायचं नाही. दिवाळीनंतर पाणी निवळायचं, तेव्हा आमचा हंगाम. ऊन विहिरीत असलं की पट्टीला उन्हाचाच गोंगाट ऐकू येई, म्हणून उन्हं काठावरून सरकली की आम्ही बसत असू. मी समोरच्या काठावर, कानात नळी घालून. ते खाली पाण्याच्या शेवटच्या पायरीवर, माइकसकट डोक्यावरून काळी घोंगडी ओढून. मला त्यांचा आवाज हवेतून ऐकू येऊ नये म्हणून ही घोंगडी. “हवेतून ऐकलं तर ती बेइमानी झाली.” वरून बघताना पायरीवर एक काळा ढीग दिसायचा, माणूस नाहीच, आणि पाण्यात एक दिवा. कानात नुसती खरखर. एखादी दिवड, पाण्यातला साप, त्या उजेडातून वळवळत गेली की खरखरही क्षणभर थांबायची, जणू खाली कुणी कान देऊन उभं आहे. मी काठाला घट्ट धरून बसायचो.

ढीग हलायचा, घोंगडीतून डोकं निघायचं, आणि घामाने डबडबलेले साडू वर बघून विचारायचे, “पोचलं का, पाव्हणे?”

मी म्हणायचो, “पोचलं.”

पोचलेलं नसायचं. पण ते वडीलधारे, त्यात साडू. आमच्यात साडूला नाही म्हणायची रीत नाही. तो खारट आमटी वाढो की खोटा प्रयोग दाखवो, वाहवा करून उठायचं. आणि पाढा मला पाठच होता. “कुठवर आला?” असं विचारलं की मी जरा विचार केल्यासारखं करून सांगायचो, “नवावर जरा अडखळला.” ते मान डोलवायचे. असे दोन-तीन हिवाळे गेले.

मग एकदा ते औरंगाबादला गेले होते. हिरवा दिवा आणायचाय, नवीन निघालाय, पाणी हिरव्याला जरा लांब जाऊ देतं, असं सांगून गेले. परत आले ते खरंच हिरवा दिवा घेऊन. एवढ्याशा दिव्यासाठी मुक्काम कशाला केला, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या कुठल्याच गोष्टीला कुणी कशाला असं विचारत नसे.

त्या संध्याकाळी पाणी काचेसारखं होतं. दिवा पेटला तशी विहीर आतून हिरवी झाली, दगडांच्या सांधीसुद्धा दिसायला लागल्या. साडू घोंगडीखाली गेले. मी नळी कानात घातली. आधी खरखर. मग खरखर बाजूला झाली, जसं दार उघडावं, आणि आत माणूस होता. आवाज साडूंचा होता पण त्याला छाती नव्हती. बारीक, गार, पाण्याच्या तळाशी उभं राहून कुणी बोलावं तसा. पाढा नव्हता.

“पाव्हणे,” आवाज म्हणाला, “डाक्टरला दाखवून आलो. फार दिवस न्हाईत म्हणतो. हिच्यासमोर माझं तोंड उघडत न्हाई. तुम्ही सांगा हिला. येळ हाय तोवर सांगा.” पुन्हा खरखर. मग, “एवढंच.”

काळा ढीग समोर तसाच होता. मी काय करायला हवं होतं ते आज कुणीही सांगेल. उठून पायऱ्या उतरून खाली जायला हवं होतं. मी उठलो नाही. एक तर तो आवाज माणसाचा वाटत नव्हता, आणि दुसरं, खरं कारण म्हणजे, अक्कांसमोर उभं राहून हे वाक्य उच्चारणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. घोंगडीतून डोकं निघालं. त्या दिवशी त्यांनी लगेच विचारलं नाही. आधी तोंड पुसलं.

“पोचलं का, पाव्हणे?”

“न्हाई,” मी म्हणालो. “काहीच न्हाई. नुसती खरखर.”

साडू माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. प्रयोग फसलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. “बराबर,” ते म्हणाले. “मंग झालं तर.” त्यांनी दिवा विझवला, दोर ओढले, वायरी गुंडाळल्या. पट्टीची बरणी पुसून माझ्या हातात दिली. “ही तुमच्याकडंच राहू द्या. आता काम न्हाई तिचं.” त्यानंतर त्यांनी विहिरीत दिवा सोडला नाही. आम्ही भेटलो की ते माझ्याकडे कसलीतरी वाट बघितल्यासारखं बघत, आणि मी मोसंबीचा विषय काढत असे.

उन्हाळ्यात अक्का टेंभुर्णीला भाचीच्या लग्नाला गेल्या. “जाऊ का? तुमचं तोंड उतरलंय,” असं त्यांनी विचारलं होतं, मी तिथे होतो. साडूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, “सगळं ठाऊक असून जातेस, तर जा बाई. पोरीचं लगीन हाय.” अक्कांना वाटलं, लग्नघरच्या कामाबद्दल बोलताहेत. हळद लागायच्या दिवशी साडू गेल्याचा निरोप तिकडे गेला. त्या आल्या तेव्हा त्यांना बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

अक्का रडल्या कमी, संतापल्या जास्त. औरंगाबादचे कागद कपाटात सापडल्यावर तर त्यांचा संताप बसलाच नाही. “जन्मभर दिव्याशी बोलला हा माणूस,” त्या म्हणायच्या. “माझ्याशी एक शब्द बोलता आला न्हाई. मला ठाऊक असतं तर मी टेंभुर्णीला गेले असते का, भाऊजी?” मी म्हणायचो, “न्हाई, अक्का.” त्यांनी काचेच्या बरणीत लोणचं घालणं सोडलं, चिनी मातीच्या बरण्या आणल्या. फोटोला हार घालतात, पण त्याच्याकडे न बघता. शेताकडे गेल्या तरी विहिरीला वळसा घालून जातात.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी साडूंच्या श्राद्धाला जेवणं झाल्यावर अक्का कधी नव्हे त्या हसून बोलत होत्या. “तुम्हाला सांगू का, भाऊजी, विहिरीवर ते कधीकधी पाढा म्हणायचेच न्हाईत. घोंगडीखाली गप बसायचे. आणि तुम्ही वरून म्हणायचात, पोचलं. घरी येऊन मला सांगायचे, पाव्हणे लई भले, माझं मन मोडत न्हाईत. काही आलं न्हाई की पोचलं म्हणतात.”

म्हणजे साडूंना पहिल्यापासून माहीत होतं. मी खोटं ‘पोचलं’ म्हणतो हे त्यांनी तपासून घेतलं होतं. मग ज्या एका संध्याकाळी मी ‘न्हाई’ म्हणालो, त्या संध्याकाळी त्यांना कळलं की पोचलं. म्हणून ते हसले. म्हणून सामान आवरलं. त्यांचा पाण्यातला प्रयोग यशस्वी झाला होता, त्यांचा निरोप मी घेतला होता, आणि जरा धीर गोळा करून मी तो अक्कांना देणार, अशी त्यांची खात्री होती. बायकोला सगळं ठाऊक आहे आणि तरी ती लग्नाला चालली आहे, असं समजून त्यांनी तिला जा म्हटलं. एकटे पडून होते तेव्हाही तसंच समजत असतील.

बरणी माझ्या माळ्यावर आहे. मेण पिवळं पडलंय, आत पट्टी तशीच. एकदा, घरात कुणी नसताना, मी तिला टेपरेकॉर्डर जोडून समईसमोर धरली होती. श्वास ऐकू आला. काही बोलेल म्हणून मी पुष्कळ वेळ बसलो. ज्योत श्वास घेत राहिली, बोलली नाही. बोलायचं ते पूर्वीच बोलून झालं होतं. पाळी आता माझी होती.

आता मी साडूंच्या तेव्हाच्या वयाचा झालोय. मला त्यांची घोंगडी कळते. तोंडासमोर जे बोलता येत नाही ते माणूस पाण्याला सांगतो, कागदाला सांगतो, मी आत्ता करतोय तसंच. पण अक्का हे वाचणार नाहीत. त्यांना आता दिसत नाही नीट. त्यांच्यासमोर बसूनच बोलावं लागेल.

अक्कांची एक बरणी माझ्याकडे आहे, आणि त्यांच्या नवऱ्याचा एक निरोप. दोन्ही मला परत करायची आहेत.