मोहाची टोपली

"बाबा, गॅदर म्हणजे?" मुलीने विचारलं आणि मोहाचा उग्र-गोड वास नाकात भरला.

साठच्या दशकात मी पालघरजवळ इंग्रजीचा नवा मास्तर होतो. वर्गातल्या जान्याने वहीत बिनचूक इंग्रजी वाक्य लिहिलं: माझी आई मोहाची फुलं वेचते. शाळेत आलेल्या पोलीस जमादाराला मी ते कौतुकाने दाखवलं. दारूबंदीत मोह साठवणं गुन्हा होता, हे विसरलो.

दुसऱ्या दिवशी जमादाराने जान्याच्या घरातली मोहाची टोपली उचलली, आईलाही नेलं.

"गुरुजी, आमी खायाला वेचतो. सांगा ना त्याला," जान्या म्हणाला.

जमादार हसला. "मास्तर, तुम्ही शिकवा."

मी वर्गात शिकवायला गेलो. जमादाराचा राग येतोच. माझ्यातल्या त्या मास्तराचा अजून जाळतो.

"वेचणं," मी मुलीला सांगितलं.

"आणि वाक्य?"

मला एकच आठवत होतं, जान्याचं. ते सांगितलं नाही.