नानांची हाक आणि आमच्या ग्रुपचा बॉट

मंडळी, आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली बाई नाही. आमच्या घरात कोणाला दोन शिंका जास्त आल्या तरी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि मी पडले अंधेरीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. रिपोर्टमध्ये आलं तर आहे, नाही आलं तर नाही. इथले तुमचे गूढ अनुभव मी डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले तर जरा लाजल्यासारखं होतंय... पण असू दे.

आमची चाळ दहिसरला, नदीच्या अंगाला. होती, म्हणजे. रिडेव्हलपमेंटला गेली आणि माणसं पांगली. कोणी विरारला, कोणी पार कांजूरमार्गला, मी आणि माझे बाबा बोरिवली पूर्वेला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाबांना अख्खी चाळ नाना म्हणते. आमची खोली पहिली, दारासमोरच सगळ्यांचा नळ. दुपारी पाणी यायच्या आधी नळात हवा फुसफुसायची, ती बाबांना बरोबर ऐकू यायची. मग ते दगड घेऊन पाइपावर ठोकायचे — टण टण... टण — आणि ओरडायचे, "पाणी इला रेऽऽ". प्रत्येक खोलीतून "इलंय नाना" अशी ओ येईपर्यंत थांबायचे नाहीत. कोण झोपलं असेल, कोण आजारी असेल, त्याचं पाणी चुकू नये म्हणून. डोक्याला ताप व्हायचा यार, पण कोणाची बादली कधी रिकामी राहिली नाही.

चाळ पडली तसा आमचा ग्रुप सुरू झाला आणि ॲडमिनचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. लिंक कुठून फुटली देव जाणे. दलाल, लोनवाले, घरबसल्या कमवा वाले, सगळे आत यायला रांगेत. शेवटी वैतागून मी बॉट लावला. तो कसा चालतो सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. कोणी आत यायची विनंती पाठवली की बॉट त्याला एक प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं तर आत घेतो आणि मला कळवतो. चुकलं तर परस्पर बाहेरची वाट दाखवतो, मला पत्ताही लागत नाही. प्रश्न मीच लिहिला होता — "चाळीत पाणी आलं की पहिली हाक कोण मारायचं?" उत्तरात 'नाना' हा शब्द पाहिजे, बस्स. लोनवाल्यांची वाट लागली, एकदम झकास चालला होता.

फक्त आमच्या शेवंती मावशीने त्याला उत्तरच दिलं नाही. शेवटच्या खोलीतली ही म्हातारी. तिने बॉटला लिहिलं, "तू कोण माका इचारणारो? मी लग्न होवन हयसर इलंय तेव्हा तुझो बापूस जन्माक येऊचो होतो." बॉटने तिला हाकललं. मग मला फोन करून तिने जे काही ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. शेवटी मीच तिला आत घेतलं.

बाबांचं मात्र चाळ सुटल्यापासून बिनसत गेलं. विसरायला लागले. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभे राहायचे, "चल गो, घराक जावया." त्यांना सांभाळायला मालनताई असते दिवसभर. त्या रविवारी मी बाजारात गेले होते, मालनताई इस्त्रीचे कपडे घ्यायला खाली उतरली, आणि वर येऊन बघते तर दार सताड उघडं आणि बाबा नाहीत.

मे महिन्याचं ऊन. शुगरचा पेशंट, दुपारची गोळी घेतलेली आणि जेवण अर्धं टाकलेलं. शुगर एकदम उतरून माणूस कुठेही कोसळतो, हे लॅबवालीला कोणी समजवायला नको. माझा धाकटा भाऊ मंगेश मीरा रोडवरून बाइक घेऊन निघाला, त्याने स्टेशन धरलं. मी गार्डन, देऊळ, रेशनचं दुकान सगळं पालथं घातलं. चौकीत फोटो दिला. हवालदार म्हणाला, "येतील मॅडम, म्हातारी माणसं लांब जात नाहीत." मला त्याला फाडून खावंसं वाटलं. आई गेल्यावर ह्या माणसाने आम्हा दोघांना एकट्याने वाढवलं, आणि मला त्यांच्या दाराला साधी कडी घालता आली नव्हती.

शेवटी म्हटलं, चाळीच्या ग्रुपवर टाकावं. तोवर फक्त मंगेश, मालनताई आणि तो हवालदार, एवढ्यांनाच माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. मी फुटपाथवर उभी राहून ग्रुप उघडला, आणि एक अक्षर टाइप करायच्या आत वरून बॉटचा मेसेज उतरला.

नवीन विनंती. नाव — कोरं. फोटो नाही, नंबर नाही. खाली माझा प्रश्न, आणि त्याच्याखाली उत्तर —

"कदीपास्ना साद घालतंय. कोण येणा नाय."

खाली दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. आता बघा, ह्या उत्तरात 'नाना' शब्दच नाही. बॉटने ते परस्पर नाकारायला हवं होतं, माझ्यापर्यंत यायलाच नको होतं, बटणं तर दूरच. पण हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा फक्त बाबांचा आवाज कानात आला. साद घालायला बाबा जातील कुठे? नळावर. आणि नळ कुठे, तर दहिसरला, जिथे आता पत्रे आणि खड्डा सोडून काही नाही. म्हणून तर तिथे शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, मीटर बघू नका, फक्त चला." रस्ताभर मी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालत होते. हो, मीच.

साइटच्या गेटवर वॉचमन पंख्याखाली बसलेला. म्हणाला, "मॅडम, अंदर कोई नहीं है, आज छुट्टी है." आणि तेवढ्यात नदीच्या बाजूने ऐकू आलं... टण टण... टण.

मी धावले. मागचा एक पत्रा वाकलेला होता, बाबा तिथूनच शिरले असणार. खड्ड्याच्या अगदी काठावर, पावलाएवढ्या जागेत उभे होते, जिथे आमचा नळ होता बरोबर तिथे. हातात दगड, समोर उभी सळई. शर्ट घामाने चिंब, ओठ सुकलेले, आवाज पार बसलेला. "पाणी इला रेऽऽ." खाली पाणी भरलेला खोल खड्डा. एक पाऊल मागे गेलं असतं तर...

वॉचमन ओरडणार होता, मी त्याचं तोंडच दाबलं. दचकून वळले असते तर संपलं होतं. आणि मग मला कळलं, हे थांबणार कधी ते. ओ आल्यावरच थांबणार.

मी पत्र्याआडून ओ दिली. "इलंय नाना, परब इलंय." त्यांनी मान हलवली. टण टण. "गावडे इलंय. तावडे इलंय नाना." एकेक खोली घेत गेले, ओळीने, जशा होत्या तशा. मी रडत होते की ओरडत होते, मला ठाऊक नाही. वॉचमन माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. शेवटची खोली राहिली. बाबा दगड उगारून वाट बघत होते. म्हटलं, "शेवंती इलंय नाना, ओरडा नको."

तसे ते हसले. दगड खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि सरळ माझ्या दिशेने चालत आले. मी त्यांना जी मिठी मारली ती वॉचमनने पाण्याची बाटली आणेपर्यंत सोडली नाही. असं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

रिक्षात त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "खंय होतंस? मगाशीच सांगलंय मा तुका, कोण येणा नाय म्हणान."

मी बाटली उघडून त्यांच्या ओठांना लावली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, शुगर बघितली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाबांचा बटणवाला फोन टीव्हीमागे पडलेला, चार्जिंग कधीच संपलेलं. टाइप करणं तर त्यांना आयुष्यात जमलं नाही. वॉचमन बिहारचा, त्याला मराठी येत नाही, आणि आत कोणी आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मंगेश कॉम्प्युटरवाला, म्हणाला, "ताई, बग असेल काहीतरी." रात्रभर खोदत बसला. सकाळी चहा पिताना म्हणाला, "ही विनंती कुठल्याच अकाउंटवरून आलेली नाही गं." आणि विषय बदलला.

ती विनंती तशीच होती. मी 'स्वीकारा' दाबलं. बॉटने नेहमीचा मेसेज टाकला, "चाळीत स्वागत. बादली घेऊन या." ग्रुपमधली माणसं मात्र होती तेवढीच राहिली.

मी आता बॉटचं परस्पर नाकारणं बंद केलंय. लोनवाल्यांसकट सगळ्यांची उत्तरं स्वतः वाचते, कंटाळा आला तरी.

आणि रोज दुपारी बाबा बेसिनखालच्या पाइपावर ठोकतात. मी ते रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते. मग विरार, कांजूरमार्ग, जिथे जो असेल तिथून ओ येते, "इलंय नाना, इलंय." सगळ्यात आधी शेवंती मावशीची, शिव्यांसकट. सगळ्या खोल्यांची ओ मिळाली की बाबा दगड ठेवतात आणि जेवायला बसतात. पिशवी घेऊन दारात उभं राहणं थांबलंय.

त्या दुपारचा तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. लॅबमध्ये असा न पटणारा रिपोर्ट आला असता तर मी सॅम्पल परत मागवलं असतं. हे मात्र मी परत मागवणार नाहीये.