काकू, घाटी आणि ताईची प्रकृती

माझी मातृभाषा मराठी आहे, असं माझ्या शाळेच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे.

बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी नाशिकहून मध्य प्रदेशातल्या देवासला आले आणि इथलेच झाले. मी शिकलो हिंदी शाळेत, गल्लीत भांडलो माळव्याच्या मालवी बोलीत, आणि मराठी बोललो फक्त जेवताना (तेही तोंडात घास असताना). थोरली मीनाताई मात्र मराठी मासिकं वाचायची. मला त्यातली चित्रंसुद्धा अवघड जायची!

नव्वदच्या दशकातली, ऐन ऑगस्टातली गोष्ट. ताईला बघायला डोंबिवलीहून सुहासराव आणि त्यांच्या आई आल्या होत्या. काकू मूळच्या सातारच्या. अंगानं भरभक्कम, आवाजही तसाच. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि काकू म्हणाल्या, "उद्या मांडूचा किल्ला बघू. संध्याकाळी काय ते सांगते."

ताईला सुहासराव मनापासून आवडले होते. आधीची दोन स्थळं 'मुलीचं गाव फार लांब' म्हणून परत गेली होती. त्यामुळे सकाळी जीपमध्ये चढताना तिनं माझा कानच धरला. "आज काही गडबड केलीस ना, तर बघ!"

मी? आणि गडबड?

मांडूला उतरल्याबरोबर बाबा दाल-बाफल्यांची ऑर्डर द्यायला हॉटेलात शिरले. तेवढ्यात एक गाइड मागे लागला. "भिया, पूरा इतिहास बताऊँगा!"

"अपन को नी चिये," मी ऐटीत म्हणालो. "काकू, गाइड कशाला? मी आहे ना!"

जहाज महालापासून सुरुवात केली. "इथे सुलतानाच्या हजारो बायका राहायच्या."

"अगं बाई! आणि स्वयंपाक कोण करायचं?"

आता हे कुठल्या इतिहासात असतं? "आळीपाळीनं," मी ठोकून दिलं.

"म्हणजे एकीची पाळी वर्षानुवर्षं यायचीच नाही! सुखी होत्या म्हणायच्या," काकू म्हणाल्या. खूश होत्या. मीही खूश. इथेच थांबलो असतो तर!

पण आम्ही गेलो रूपमती मंडपात. ताई खाली भुट्टे घ्यायला थांबली. वर ढग, खाली निमाडापर्यंत पसरलेली हिरवीगार दरी. काकू कठड्याशी उभ्या राहिल्या आणि सुहासरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आम्ही दरीला म्हणतो घाटी. हिंदीत तोच शब्द आहे. मी काकूंच्या दिशेनं हात केला आणि छाती फुगवून म्हणालो,

"बघा सुहासराव, केवढी मोठी घाटी! पूर्ण महाराष्ट्रात अशी सापडणार नाही!"

कॅमेरा खाली आला.

"आणि लांबून छान दिसते हं. उन्हाळ्यात जवळ गेलं तर भाजून काढते!"

काकूंचा चेहरा लालबुंद. "आम्ही घाटावरचे, हे खरं आहे. पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं हो!"

"आई, तो दरीबद्दल बोलतोय," सुहासराव घाईघाईनं म्हणाले. काकू "हं" म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये ताईचं लग्न लटकत होतं. काहीतरी करून ताईची बाजू सावरायला हवी होती. ताईला निसर्गाचं वेड, तेच सांगावं म्हटलं. पण 'निसर्ग' हा शब्द काही केल्या आठवेना. मग हिंदीतला घेतला. प्रकृति!

"काकू, खरं सांगू? आमच्या ताईचं लहानपणापासून प्रकृतीचंच चाललेलं असतं."

काकू दचकल्या. "म्हणजे? काही होतं का तिला?"

"खूप होतं! पावसाळा लागला की घरात राहवतच नाही. मग बाबा दरवर्षी इथे आणतात. प्रकृतीसाठीच."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात बाग गावाजवळच्या गुंफांत नेतो. प्रकृतीचे शेकडो फोटो आहेत तिच्याकडे. अल्बमच्या अल्बम भरलेत!"

"एक्स-रे?" काकूंनी हळूच विचारलं.

"छे हो, रंगीत!"

काकू मटकन खाली बसल्या. "आणि तुझ्या बाबांनी आमच्यापासून लपवलं!"

"लपवलं कुठे? घरी गेल्यावर सगळं दाखवणार होतो!"

नेमकी त्याच वेळी ताई चार भुट्टे घेऊन पायऱ्या चढून आली, धापा टाकत. काकूंनी धावत जाऊन भुट्टे काढून घेतले आणि तिची नाडी धरली. "बस बाई, बस. आमच्याकडे रोज तीन जिने चढायचे असतात गं. कसं झेपणार तुला?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी घाबरून शेवटचा जोर लावला. प्रयत्न म्हणायचं होतं, पण हिंदीत प्रयत्नाला चेष्टाही म्हणतात आणि माझ्या तोंडात तीच आली.

"काळजी करू नका काकू! ताईसाठी आम्ही घरातल्या सगळ्यांनी खूप चेष्टा केलीय. पुढेही करू!"

"आजारी मुलीची चेष्टा करता?" काकू कडाडल्या. "लाज नाही वाटत?"

ताईनं कपाळावर हात मारला. मग तिनं मी आधी काय काय बोललो ते विचारून घेतलं आणि तिथेच, नाडी काकूंच्या हातात ठेवूनच, माझ्या एकेका वाक्याचं मराठीत भाषांतर करून सांगितलं. सुहासराव हसता हसता खांबाला टेकले. काकूंनी खात्री म्हणून ताईला सगळ्या पायऱ्या उतरून परत चढायला लावलं. ती पळत चढली आणि वर येऊन माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. तो गुद्दा बघून काकूंना तिच्या तब्येतीची पूर्ण खात्री पटली.

संध्याकाळी होकार आला. हुंडा नको, मानपान नको, अट एकच. लग्नात मुलीच्या भावानं वऱ्हाडाशी बोलायचं नाही!

मी अट अक्षरशः पाळली. पाहुण्यांना नुसता नमस्कार केला, हातानं पंगत दाखवली, जिलबीचा आग्रहही मानेनंच केला. आणि लग्न लागल्यावर मागच्या रांगेतल्या डोंबिवलीच्या एका आजींना दुसरीला सांगताना मी ऐकलं,

"मुलीच्या भावाला वाचा नाही हो, बिचाऱ्याला. पण किती हुशार आहे! मराठी सगळं समजतं त्याला!"