ताईचं पहिलं 'नको'

रेखाताईचं फीचर वर्षभर अडवून धरलं ते मी. दुसरं कुणी नाही.

ग्रुपवर त्यासाठी भरपूर बोलणी खाल्ली. आज तिचा पहिला स्मृतिदिन, म्हणून एकदाच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेखाताई नाशिकला कॉलेजात गणित शिकवायची. तिने आम्हा चार-पाच जणांना धरून एक ओपन सोर्स लायब्ररी सुरू केली. म्हणजे किचकट गणितं करणारा तयार कोड, कुणीही फुकट घ्यावा आणि वापरावा.

पुढच्या व्हर्जनमध्ये नवीन काय घ्यायचं, म्हणजे कुठलं फीचर, ते रविवारी सकाळी नाशिकरोडला तिच्या घरी ठरायचं. मी मनमाडहून यायचो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, मेथीची जुडी तिच्या.

मी काहीही सुचवलं की मान वर न करता म्हणायची, "नको."

"अगं, ऐकून तरी घे!"

"ऐकलं. नको. पुढच्या रविवारी परत विचार."

डोकं फिरायचं माझं. एकदा भांडलोच.

तेव्हा म्हणाली, "सुनील, फीचर टाकायला दहा जण येतात रे. सांभाळायला कोण थांबतं? माझ्या एका 'नको'ला जो पळून जातो, तो कोडात चूक निघाल्यावर, बग आल्यावर, फोन तरी उचलेल का?"

पहिलं 'नको' सगळ्यांनाच मिळायचं. तिला स्वतःलासुद्धा.

कारण तिलाही एक फीचर फार हवं होतं. मोजमापात थोडंफार इकडेतिकडे होतंच, म्हणून उत्तर एका आकड्यात न देता 'इथपासून इथपर्यंत' असं द्यायचं. पण त्यातली खोटही तिनेच काढली.

"समज, सळईची जाडी नऊ ते अकरा मिलिमीटरच्या मधे कुठेतरी आहे. तिच्यातून तीच जाडी वजा केली तर?"

"शून्य."

"आपला कोड म्हणतो, उणे दोन ते दोन. दोन्ही वेळा सळई तीच आहे हे त्याला कळतच नाही. ओझरकडचा वर्कशॉपवाला या उत्तराचं काय लोणचं घालणार? नको."

पुढच्या रविवारी तिला परत विचारायचं राहूनच गेलं. हार्ट अटॅक. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिनाभरात आमच्या टीममधल्या निखिलने तेच फीचर घाईघाईने लिहून आणलं. वर ताईचं नाव. सगळ्यांनी हात जोडले, रडके इमोजी टाकले.

मी सळई वजा करून बघितली. उणे दोन ते दोन.

मी लिहिलं, "नको."

निखिलचा लगेच फोन. "दादा, काळीज आहे की नाही तुम्हाला? ताई गेलीये!"

"माहितीये मला. परत विचार."

त्याने फोन कट केला. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडलो. त्यात लाज कसली!

पण कसंतरी काहीतरी टाकायचं आणि वर तिच्या नावाची पाटी लावायची? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

निखिलही हट्टी निघाला. परत आला. परत 'नको'. पुन्हा आला. मग आम्ही दोघं एकत्रच बसायला लागलो, रविवारीच. कुठला आकडा कुठून आलाय हे लक्षात ठेवायला कोडला शिकवलं. कितीदा फसलं, कितीदा पुसून नव्याने लिहिलं, काही विचारू नका.

आज सकाळी बुद्धवंदना झाल्यावर, तिच्याच हॉलमध्ये, भाऊजींसमोर निखिलने सळई वजा केली.

शून्य.

भाऊजींना यातलं काही कळत नाही. ते एवढंच म्हणाले, "मग, आता घेणार ना?"

मी "हो" म्हणालो.

'हो' म्हणेल त्याने सांभाळायचं, हाही तिचाच नियम. सांभाळणार. बग आला की फोन मी उचलणार.

ताई, फीचरला तुझं नाव दिलेलं नाही. तू 'नको' म्हणाली असतीस.

आणि परत विचारायला तू नाहीस.

जय भीम, ताई.